मापाऱ्याचं जास्तीचं लिटर

मापारी हे त्याचं आडनाव नव्हे. गॅरेजांच्या गल्लीत हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण ज्याने पाडलं त्याने माणूस नीट बघून पाडलं. चाळीस वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स उघडणारा हा गृहस्थ आतून निघालेलं तेल मोजल्याशिवाय टाकायचा नाही. बाकीचे मिस्त्री बूच काढतात, खाली ट्रे सरकवतात आणि चहाला जातात. हा ट्रेशेजारी उकिडवा बसायचा, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग ते तेल खुणांच्या पांढऱ्या डब्यात ओतायचं, डबा डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि खडूने खांबावर आकडा लिहायचा. जेवढं निघालं तेवढं घालायचं, हा त्याचा धर्म. कंपनीच्या पुस्तकातलं माप तो वाचायचा, मान हलवायचा, आणि पुस्तक मिटून पुन्हा खांबाकडे बघायचा.

गिऱ्हाइकं हसायची. त्यांना तो चष्म्यावरून बघत विचारायचा, "तुमच्या अंगात डॉक्टरने अंदाजाने रक्त भरलेलं चालेल का?" प्रश्न तसा आचरटच होता.

या नादामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्याला हा धंदा शिकवला त्याच्या थोरल्या भावाने. दादाच्या हातात कला होती; नुसत्या आवाजावरून कुठला गिअर रडतोय ते सांगायचा. पण पासष्टी आली आणि दादाच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी पाने कुठे ठेवले ते, मग गिऱ्हाइकांची तोंडं. एकदा गिअरबॉक्सच्या पोटात पुसायचं फडकंच राहून गेलं. आणि एका सकाळी दादा स्वतःच्याच गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला आणि धाकट्या भावाला अदबीने म्हणाला, "इथं काही काम मिळेल का?"

त्याच दिवशी मापाऱ्याने मनाशी ठरवून टाकलं. आपलं डोकं दगा देतंय असं ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी हत्यारं खाली ठेवायची. कुणी येऊन सांगायची वाट बघायची नाही. कारण गाडी ही चार चाकांवर धावणारी वस्तू आहे, आत माणसं बसतात. तेव्हापासून तो सगळं मोजून खांबावर लिहायला लागला. आता तो स्वतः चौसष्ट वर्षांचा होता. चष्मा सापडेना झाला की तो घाबरून सगळं घर पालथं घालायचा, आणि तो कपाळावरच निघाला की चेहरा असा खुलायचा की बायकोला वाटायचं, या माणसाला चष्म्याचं एवढं काय कौतुक!

गॅरेजात त्याच्याबरोबर त्याची भाची होती, बहिणीची मुलगी, छत्तीस वर्षांची. बारा वर्षांपूर्वी गाड्यांच्या वायरी बघायला म्हणून आली आणि हळूहळू सगळंच बघायला लागली. बोलायची कमी. गिअरबॉक्स खाली उतरवायचा तर दोघं मिळून उतरवायचे, पण तेल आणि कन्व्हर्टर नावाचा भाग ही मामाची खास जागा. तिथे तिने हात लावायचा नाही, असा कायदा होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण तो मोडला तर काय होईल हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

तर त्या आठवड्यात नर्सबाईंची गाडी आली. नर्सबाई घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमांची पट्टी बदलायच्या. गाडी नसली तर त्यांचे निम्मे रोगी तसेच पडून राहायचे. गाडी ऑटोमॅटिक होती, आणि जरा वेग घेतला की थरथरायची.

"खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखं होतं हो," नर्सबाई म्हणाल्या. "रस्ता गुळगुळीत असला तरी."

मापाऱ्याने एक फेरी मारली आणि निदान केलं. टॉर्क कन्व्हर्टर गेला. हा कन्व्हर्टर म्हणजे दोन खोलगट थाळ्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा लोखंडी डबा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसतो, आणि आतल्या तेलाच्या जोरावर एकाची ताकद दुसऱ्याला पोचवतो. आत तेल नसेल तर तो नुसता लोखंडाचा गोळा.

पहिल्या दिवशी त्याने गाडी जराशी गरम केली, तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर तेल पुरेपूर आहे हे बघून घेतलं, आणि मग बूच काढलं. तेल तपकिरी पडलं होतं आणि करपलेला वास मारत होतं. ट्रेमध्ये चार लिटर निघालं. मग दोघांनी गिअरबॉक्स उतरवला, आणि मापाऱ्याने जुना कन्व्हर्टर तोंड वर धरून, लेकराला उचलावं तसा बाहेर काढला. इथेच नवखे लोक फसतात. कन्व्हर्टर कलता झाला की आतलं सगळं तेल बुटांत. मापाऱ्याच्या बुटांत चाळीस वर्षांत एकदाच गेलं होतं आणि तेव्हा तो नवखाच होता. त्याने तो बादलीवर उपडा करून ठेवला आणि रात्रभर निथळू दिला. सकाळी बादलीत अडीच लिटर. खांबावर आकडा चढला: साडेसहा. वापरलेलं तेल झाकणाच्या पिंपात गेलं, आणि जमिनीवर सांडलेल्या चार थेंबांवर भुसा पडला.

दुसऱ्या दिवशी नवा कन्व्हर्टर. तो कोरडा बसवायचा नसतो, कारण गाडी सुरू होताच आतला पंप कोरडाच फिरतो आणि खरडून निघतो. म्हणून आधी त्यात एक लिटर लाल तेल हळूहळू ओतायचं, थांबत थांबत, ते आतल्या पात्यांत मुरेपर्यंत. मग कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या दांड्यावर ठेवायचा, फिरवायचा आणि तीनदा 'टक्' आवाज ऐकायचा. दोनदाच आला तर नीट बसलेला नाही. हे सगळं मापाऱ्याने केलं. त्याला स्वच्छ आठवत होतं. मधेच नर्सबाईंचा फोन आला होता, गाडी कधी मिळेल म्हणून. आत नीट ऐकू येईना म्हणून तो बाहेर जाऊन बोलला, दहा मिनिटं, कारण नर्सबाई बोलायला लागल्या की दहा मिनिटांच्या खाली थांबत नसत. आत आल्यावर त्याने खांबावर 'एक' लिहिला. मग कन्व्हर्टर बसवला, तीन वेळा टक् झालं, दोघांनी गिअरबॉक्स वर चढवला. भाची काही सुटे भाग आणायला बाजारात गेली.

दुपारी तीन वाजता मापाऱ्याने पट्टीच्या नळीतून पाच लिटर तेल भरलं. पाच आणि एक सहा. निघालं होतं साडेसहा. म्हणजे अजून अर्धं लिटर बाकी. पण तो नेहमी अर्धं हातचं राखायचा, इंजिन चालू करून बघायचा आणि मग उरलेलं ओतायचा. त्याने इंजिन सुरू केलं, गिअरचा दांडा सगळ्या खाचांतून एकदा फिरवून आणला, तेल गरम होऊ दिलं, पट्टी ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली.

तेल अर्धं लिटर कमी दिसायला हवं होतं. ते अर्धं लिटर जास्त दिसत होतं, आणि वर बारीक फेसही आला होता.

मापाऱ्याने पट्टी पुसली. चष्मा पुसला. पुन्हा पट्टी घातली. तेल तिथेच. गाडी तिरकी उभी असेल म्हणून त्याने बुडबुड्याची पाणसळ आणून चारी बाजूंनी लावली; गाडी सरळ होती. गळती असती तर तेल कमी झालं असतं. इथे ते वाढलं होतं, आणि तेही अंदाजाने नाही, नेमकं एक लिटर. तेलाला काही पिल्लं होत नाहीत! त्याने इंजिन बंद केलं, कारण जास्त तेल घुसळलं गेलं की फेस होतो, आणि फेसावर गिअर चालत नाहीत.

मग त्याने बाटल्या मोजल्या. बारा बाटल्यांचं नवं खोकं याच कामासाठी फोडलं होतं. पाच वापरल्या. कन्व्हर्टरमधलं लिटर त्याने आधीच्या कामातल्या अर्ध्या उरलेल्या दोन बाटल्यांतून घातलं होतं, डब्यात मोजून. म्हणजे खोक्यात सात हव्यात. होत्या सहा.

त्याने पुन्हा मोजल्या, बोट लावून. सहा. खोकं उलटं केलं. सहा. रिकाम्या बाटल्यांचा डबा पालथा घातला: या कामातल्या पाच आणि त्या अर्ध्याच्या दोन. सहावी रिकामी बाटली कुठेच नव्हती. एक लिटर तेल गाडीत गेलं होतं आणि त्याची बाटली जगातून नाहीशी झाली होती.

गॅरेजात दुसरं कोण होतं? भाची; पण ती तेलाला हात लावत नाही. म्हणजे ओतलं आपणच. दोनदा ओतलं आणि एकदाच आठवतंय. इथपर्यंत एक वेळ ठीक. पण रिकामी बाटली? ती कुठे टाकली आपण? आणि का? दादा विसरायचा, पण दादा कधी काही लपवायचा नाही. हे तर दादाच्याही पुढचं निघालं. मापाऱ्याने एक सुटा टायर ओढला. तो टायरवर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला, जसे काही ते दुसऱ्याचे होते आणि आत्ताच पकडले गेले होते.

त्याने बायकोला फोन लावला.

"सकाळी मी काय खाल्लं?"

"का? पोट बिघडलं का?"

"पोट बरं आहे. तू सांगू नको, मी सांगतो. पाव आणि एक अंडं."

"दोन अंडी उकडली होती की."

मापाऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. इथेही एक जास्त! "दोन? नक्की दोन?"

"एक तुम्ही खाल्लंत, एक मी. अहो, झालंय काय तुम्हाला?"

"काही नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. अंड्याचा मेळ बसला होता. पण अंडी बरोबर आली म्हणजे डोकं ठीक आहे असं थोडंच असतं? दादाला लहानपणचे सगळे शेजारी शेवटपर्यंत तोंडपाठ होते. मापाऱ्याने मग सकाळचा सगळा क्रम पहिल्यापासून आठवून बघितला, एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी त्याला एकच लिटर दिसलं. तिसऱ्या वेळी मात्र त्याला वाटायला लागलं की हे आपण आठवत नाही आहोत, आत्ताच बसल्याबसल्या रचतोय. आता खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं, हेही कळेना. त्याला भीती वाटली, सरळ साधी भीती, लहान मूल बाजारात हरवतं तशी.

चारच्या सुमाराला भाची आली. मामा टायरवर, गाडीचं तोंड उघडं, खोकं पालथं आणि बाटल्या रांगेत मांडलेल्या.

"मामा, इंजिन बंद का? पाचला नर्सबाई यायच्यात ना?"

"गाडी तू दे त्यांना," मापारी म्हणाला. त्याने खिशातून गॅरेजच्या चाव्या काढल्या आणि पुढे केल्या. "या पण घे. मी आजपासून थांबलो."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं डोकं गेलं. एक लिटर जास्त ओतलंय मी. कधी ओतलं आठवत नाही. बाटली कुठे टाकली तेही आठवत नाही. दादाचं व्हायला निदान पासष्ट लागली, मी वर्षभर आधीच पोचलो."

भाचीने चाव्यांना हात लावला नाही. ती खांबाकडे बघत राहिली, मग बाटल्यांकडे, मग खाली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"मामा," ती म्हणाली, "ते लिटर मी ओतलं."

"कोणी?"

"मी. तुम्ही फोनवर बाहेर होता तेव्हा. कन्व्हर्टरशेजारी बाटली होती, सीलबंद. खांबावर काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं तुमचं घालायचं राहिलंय."

ती बाटली! मापाऱ्याला झर्रकन आठवलं. आधी त्याने नवी बाटली काढून ठेवली होती, मग म्हटलं ही उरलीसुरली दोन अर्धी आधी संपवावीत. सगळं जागच्या जागी बसलं. त्याचा जीव असा भांड्यात पडला की तो टायरवरून उठलाच. "अगं बये!" तो ओरडला. "अगं, तासभर मी वेडा झालो होतो इथं! अंडी मोजत बसलो होतो! बारा वर्षं झाली, तेलाला हात लावायचा नाही एवढं साधं तुला कळू नये?" तो रागावत होता आणि हसत होता, आणि कधी नव्हे ते त्याने भाचीच्या पाठीत एक धपाटाही घातला. आपलं डोकं शाबूत होतं. एक लिटर म्हणजे एकच लिटर होतं. त्याने हातपंप काढला, त्याची बारीक नळी पट्टीच्या जागेतून आत सोडली आणि शीळ घालत जास्तीचं तेल ओढायला सुरुवात केली. अर्धं लिटर काढायचं की काम संपलं.

"पण बाटली कुठे गेली?" पंप मारता मारता त्याने विचारलं. केवळ मेळ लागावा म्हणून.

भाचीने झाडू उचलला.

"अगं, रिकामी बाटली. सहावी."

"माझ्या स्कूटरच्या डिकीत."

"डिकीत? डिकीत कशाला?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

पंपाचा दांडा अर्ध्यावर थांबला. मापारी वळला. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि या बाईच्या डोळ्यांत पाणी त्याने तिच्या आईच्या मरणानंतर बघितलं नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"आठ महिने."

"किती वेळा?"

"अकरा. आजची धरून."

"सांग."

"मामा, राहू दे ना."

"सगळ्या सांग. एकेक करून."

तिने सांगितल्या. मास्तरांच्या गाडीचे पुढच्या चाकाचे नट हातानेच लावलेले होते, पाना फिरवायचा राहिला होता. निळ्या टॅक्सीच्या तेलाच्या नळीला आवळून धरणारी पकड लावलेली नव्हती. बेकरीवाल्याच्या व्हॅनला आदल्या दिवशीच्या दुसऱ्याच गाडीचं माप खांबावरून वाचून तेल घातलं होतं. आणि एकदा कन्व्हर्टर दोनच टक्-वर थांबला होता. मामा जेवायला घरी गेला तेव्हा तिने तो काढून पुन्हा बसवला.

मापारी डोळे मिटून ऐकत होता. प्रत्येक गोष्टीला तो मनात थांबत होता, ती गाडी समोर आणत होता, तो दिवस शोधत होता. मास्तरांची गाडी आठवली. चाक आठवलं. पाना फिरवलेला आठवला. अगदी कचकन फिरवलेला आठवला, आणि तो फिरवलाच नव्हता. टॅक्सी आठवली, पकड लावलेली आठवली. सगळं केलेलंच आठवत होतं. आज एक लिटर ओतलेलं आठवलं तेवढ्याच स्वच्छपणे. त्याला कळेना, आता आपण आनंद करायचा की काय करायचं. आज आपण बरोबर होतो, हे तर खरं. पण बरोबर असलेलं आणि चुकलेलं आतून अगदी सारखंच दिसत होतं.

"या अकरांत," त्याने डोळे न उघडता विचारलं, "मी बरोबर होतो आणि तू उगाच दुरुस्त केलंस, असं किती वेळा?"

भाचीने अकराही वेळा मनात पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "आजची एकच."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. मापाऱ्याने पंपाचा दांडा पुन्हा हातात घेतला आणि उरलेलं तेल शांतपणे काढलं. डब्यात बरोबर अर्धं लिटर आलं. त्याला आधी लाज वाटली, मग राग आला, मग नर्सबाईंच्या त्या म्हाताऱ्यांसाठी भीती वाटली, ज्यांना त्याने कधी बघितलंही नव्हतं. चाव्या टायरवर पडल्या होत्या. त्या त्याने उचलून पुन्हा तिच्यापुढे धरल्या.

"मग मी खरंच थांबायला हवं," तो म्हणाला.

"नका थांबू, मामा. मला अजून कन्व्हर्टरचा आवाज तुमच्यासारखा ऐकू येत नाही. मी मागून बघत जाईन ना. जाते आहेच की."

"मागून नाही," मापारी म्हणाला. "लपून तर अजिबात नाही. समोर उभी राहा. प्रत्येक नट, प्रत्येक लिटर. चुकलं की तिथल्या तिथे सांग."

"तुम्ही चिडाल."

"चिडेन. आरडाओरडा करेन. मी ओतलंच होतं म्हणेन, शपथ घेऊन सांगेन. तुला गॅरेजातून हाकलून देईन. आणि मला ते सगळं खरंच वाटत असेल." त्याचा आवाज फाटला, आणि त्याने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "तरी सांग."

भाचीने चाव्या घेतल्या आणि होय म्हणाली.